नळाचं पाणी, डीपीवरची वीज आणि चार महामार्ग : सोलापूर शहर कसं चालतं? (परिसर अभ्यास, इयत्ता तिसरी ते पाचवी)



वाहतूक, संदेशवहन, पाणीपुरवठा, वीज हे घटक परिसर अभ्यासात वेगवेगळ्या पाठांत विखुरलेले असतात. वाहतुकीचे तीन प्रकार, जमिनीवरील, पाण्यावरील आणि हवेतील, हे मुलं धडाधड म्हणून दाखवतात आणि पेपरात लिहून पूर्ण गुणही घेतात. पण त्याच मुलाला "तुझ्या नळाला पाणी कुठून येतं रे?" असं विचारा. "टाकीतून." टाकीत कुठून? "पायपातून." पायपात कुठून? इथे वर्ग शांत होतो. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडे जिल्हावार वेगळं निघालं, त्यामागचा हेतू हाच होता की मुलाने आधी आपला जिल्हा ओळखावा. प्रत्यक्ष तासाला मात्र व्याख्या राहते आणि गाव सुटतं.

म्हणून हा पाठ-लेख फक्त सोलापूर शहरावर लिहिला आहे. इतर जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी नावं आणि आकडे बदलून घ्यावेत, पद्धत तीच चालेल. मी हा घटक साधारण सहा तासिकांत घेते. पाण्याला त्यातल्या तीन जातात आणि त्या जायलाच हव्यात.

सुरुवात आकड्यांपासून

फळ्यावर काहीही न सांगता तीन आकडे लिहायचे : १३, ०२१७, ४१३००१. "हे कशाचे?" रिक्षावाल्यांची मुलं पहिला आकडा लगेच ओळखतात. एमएच-१३ म्हणजे आपल्या गाडीचा नंबर. दुसरा हल्ली पटकन कुणाला येत नाही, कारण घरात लँडलाईन राहिली नाही. तिसरा पत्ता लिहिताना वापरतात एवढं माहीत असतं.

पिनकोड उलगडून दाखवला की मुलांना फार आवडतो. पहिला ४ म्हणजे देशातला विभाग. त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. मग ४१, मग ४१३ असं करत आपण आपल्या भागापर्यंत येतो आणि शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे पंडित. एकाच नावाची गावं देशात कितीतरी, त्यात पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले. आकडा मात्र सगळ्यांना वाचता येतो. सोलापूरच्या वर्गात हे समजावणं सोपं जातं. आमच्याकडे एकाच बाकावर पाण्याला मराठीत पाणी, तेलुगूत नीळ्ळु आणि कन्नडात नीरु म्हणणारी मुलं बसलेली असतात.

०२१७ मध्ये एक छोटं गणित आहे. सुरुवातीचा शून्य बाजूला ठेवा. पुण्याचा कोड २०, म्हणजे दोन अंकी, आणि तिथले फोन नंबर आठ अंकी. सोलापूरचा कोड २१७, तीन अंकी, आणि नंबर सात अंकी. दोन्हीकडे बेरीज दहाच. मोठ्या शहराला जास्त नंबर लागतात म्हणून त्याचा कोड लहान ठेवला. चौथीची मुलं दोन मिनिटांत हे स्वतः शोधून काढतात. फक्त आधी सांगून टाकू नका.

समुद्र नसलेलं शहर, पण रस्ते समुद्रापर्यंत

राष्ट्रीय महामार्गांचे नंबर २०१० मध्ये नव्याने दिले गेले. त्यात एक साधा नियम आहे : उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याला सम संख्या, पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला विषम. तीन अंकी नंबर म्हणजे फाटा, त्याचे शेवटचे दोन अंक मूळ रस्त्याचे. हा नियम सांगायचा आणि मग मुलांना आपल्या शहरातून जाणारे रस्ते तपासायला लावायचे.

६५ विषम. पुणे–सोलापूर–हैदराबाद–मछलीपट्टणम, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. ५२ सम. पंजाबातल्या संगरूरहून निघून धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, तुळजापूर, सोलापूर, विजयपूर, हुबळी करत कर्नाटकातल्या अंकोल्याला अरबी समुद्राजवळ संपतो. १६६ म्हणजे कोकणातल्या ६६ चा फाटा. रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा करत इकडे येतो. आणि अक्कलकोटवरून कलबुर्गीकडे जाणारा १५०-ई हा ५० चा फाटा. नियम चारही ठिकाणी जुळतो, आणि मुलांना आपण काहीतरी शोधून काढलं असं वाटतं. नकाशावर बोट ठेवून ते समुद्रापर्यंत जाऊन येतात.

आता याची दुसरी बाजू. एवढे रस्ते एका शहरात मिळतात म्हणजे एवढे ट्रकही इथेच मिळतात. हंगामात हैदराबाद रोडवर मार्केट यार्डाजवळ कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, ती मुलांनी पाहिलेली असते. बाह्यवळण रस्त्यांनी काही भार शहराबाहेर नेला, तरी जड वाहन आणि सायकलवरचं पोरगं एकाच चौकात येतात हे चित्र अजून गेलेलं नाही. रस्ता सुरक्षेचं पोस्टर लावण्यापेक्षा मी एक प्रयोग करते. मैदानावर खडूने ट्रकची बाह्यरेषा काढायची. एक मूल 'ड्रायव्हर' म्हणून पुढे खुर्चीवर बसवायचं आणि बाकीच्यांनी ट्रकच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून उभं राहायचं. ड्रायव्हरला मान न वळवता कोण दिसतं? जवळजवळ कुणीच नाही. खऱ्या ट्रकच्या केबिनची उंची धरली तर त्याहून कमी. घरी पालकांनीही हे मुलांना दाखवावं : थांबलेल्या ट्रकच्या डावीकडे सायकल घालायची नाही.

रूळ : तीन रुंद्या आणि एक पाण्याची गाडी

मुंबई–ठाणे १८५३ सर्वांना पाठ असतं. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली हे मात्र सोलापूरकरांनाही माहीत नसतं. गंमत म्हणजे तेव्हा बोरघाटातला मार्ग तयारच झाला नव्हता, तो १८६३ मध्ये सुरू झाला. म्हणजे सुरुवातीची तीन वर्षं सोलापूरहून मुंबईला निघालेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, घाट पायी, तट्टावर नाहीतर पालखीत बसून उतरायचा आणि खाली पुन्हा गाडीत बसायचा. १८७१ मध्ये हाच मार्ग रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८७७ मध्ये, सोलापुरातली पहिली मोठी कापड गिरणी सुरू झाली. तिला आपण 'जुनी मिल' म्हणतो. कापूस आणायला आणि कापड न्यायला रूळ आधी आले, मग चिमणी उभी राहिली. ज्या घरांत आजी-आजोबा गिरणीत होते त्यांना मुलांनी भोंग्याबद्दल विचारून यावं. घड्याळ नसलेल्या घरांचं घड्याळ म्हणजे तो भोंगा. संदेशवहनाच्या पाठात तो घ्यायलाच हवा.

एक कृती जरूर करा. व्हरांड्यात खडूने रुळांच्या तीन जोड्या काढा : १६७६ मिलिमीटर, १००० मिलिमीटर आणि ७६२ मिलिमीटर अंतराच्या. पहिली ब्रॉडगेज, म्हणजे मुंबई–सोलापूर–रायचूर. दुसरी मीटरगेज, होटगीहून विजयपूर-गदगकडे जाणारी. तिसरी नॅरोगेज, १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे, जी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. आपल्या एकाच जिल्ह्यात हे तिन्ही होते. मग मुलांची 'गाडी' करून एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायला सांगा. जमत नाही. माल उतरवा, दुसऱ्या गाडीत चढवा. पाच-दहा मिनिटांत मुलं दमतात आणि हमालांचे कष्ट त्यांना कळतात. कुर्डुवाडी आणि होटगीला हेच काम वर्षानुवर्षं चाललं.

गेल्या काही दशकांत हे छोटे रूळ ब्रॉडगेज झाले. त्याचा उपयोग काय, हे एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. मिरजेहून पाण्याचे टँकर-डबे भरून गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत जवळपास साडेतीनशे किलोमीटर जाऊन लातूरला पोहोचली. पहिल्या गाडीत दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या गेल्या, एका खेपेला साधारण २५ लाख लिटर. जुने नॅरोगेज रूळ असते तर ते डबे कुर्डुवाडीच्या पुढे सरकले नसते.

ही २५ लाखांची संख्या मुलांना वहीत लिहून ठेवायला सांगा. पुढे लागणार आहे.

पाणी

आता मुख्य भाग. सोलापूर शहराला पाणी तीन ठिकाणांहून मिळतं. सगळ्यात जुना स्रोत एकरूखचा तलाव, म्हणजे आपला हिप्परगा. तो इंग्रजांच्या काळात १८७१ च्या सुमारास बांधून झाला. दुसरा टाकळीजवळ भीमा नदीतून उपसलेलं पाणी. तिसरा म्हणजे उजनी धरणातून जमिनीखालून येणारी जलवाहिनी, लांबी साधारण ११० किलोमीटर. या जलवाहिनीच्या शेजारून आता दुसरी, समांतर जलवाहिनी टाकली आहे. तिची आखणी दिवसाला १७० दशलक्ष लिटर, म्हणजे १७ कोटी लिटरची आहे.

आता ती वही काढा. लातूरला जाणारी पन्नास डब्यांची गाडी २५ लाख लिटरची. ही एक जलवाहिनी रोज १७ कोटी लिटर आणणार. तेवढं पाणी गाडीने आणायचं तर किती गाड्या? १७ कोटी भागिले २५ लाख, ६८ गाड्या. रोज. म्हणजे दर एकवीस-बावीस मिनिटांनी एक. पाइप नावाची वस्तू काय काम करते हे या एका भागाकाराने कळतं. मी हे पहिल्यांदा फळ्यावर सोडवलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग रिकामी गाडी परत कधी जाणार बाई?" अगदी बरोबर प्रश्न. त्याचंही गणित घालता येतं.

*उणे टक्के म्हणजे काय?* उन्हाळ्यात वर्तमानपत्रात रोज येतं : उजनी उणे वीस टक्के, उणे तीस टक्के. मोठी माणसंही विचारतात, पाणी शून्याच्या खाली कसं जातं? धरणात दोन साठे असतात. कालव्याच्या दरवाजाच्या पातळीवरचा उपयुक्त साठा, आणि त्याखालचा मृतसाठा. बादलीला मध्यावर तोटी बसवली तर तोटीखालचं पाणी आपोआप बाहेर येणार नाही, तसंच हे. वर्गात जुनी प्लास्टिकची बादली आणि तोटी आणून हे दाखवा, आकृतीपेक्षा लवकर समजतं. उजनीचं वेगळेपण असं की तिचा मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा आहे. उपयुक्त सुमारे ५३.५७ टीएमसी, मृत सुमारे ६३.६६ टीएमसी, एकूण ११७ च्या वर. तोटीवरचं पाणी संपलं की मोजमाप शून्य होतं. त्यानंतर तोटीखालून जेवढं उपसलं तेवढं 'उणे' दाखवतात, आणि टक्केवारी धरतात ती उपयुक्त साठ्याची.

म्हणजे उणे ३० टक्के झालं तर ५३.५७ चे ३० टक्के, सुमारे १६ टीएमसी, मृतसाठ्यातून गेले. उरले साधारण ४७ ते ४८. पाणी संपलं असं नाही, पण ते खाली गेलं. आणि खाली गेलं की पंपाला पोहोचत नाही. मग आधी एका पंपाने ते वर विहिरीपर्यंत आणायचं, मग दुसऱ्याने जलवाहिनीत ढकलायचं. यालाच 'दुबार पंपिंग' म्हणतात, आणखी खाली गेलं की 'तिबार'. बातमीतले हे दोन शब्द बादली आणि दोन मगांनी करून दाखवता येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. पूर्णांक संख्या अभ्यासक्रमात सहावीला येतात. सोलापूरची मुलं त्या आधीच, धरणातून शिकतात.

आणखी एक गोष्ट पालकांनाही ठाऊक हवी. सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यावर उजनी भरत नाही. उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्याच्या पावसाने. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये इथे कडक ऊन असलं तरी लोक "दौंडचा विसर्ग किती?" असं विचारत असतात. मुलांनी आठवडाभर तो आकडा पेपरातून टिपून स्तंभालेख काढावा. खरा डेटा आहे, आणि घरातले सगळे त्यात रस घेतात.

*नदी की पाइप?* टाकळीच्या उपशासाठी उजनीतून पाणी भीमेच्या पात्रात सोडतात. ते पंढरपूरवरून वाहत औज बंधाऱ्यापर्यंत यायला आठवड्याहून जास्त लागतो. अशा एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडावे लागल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. आता पाचवीच्या मुलांना हे करू द्या. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर. म्हणून एक टीएमसी जवळपास २,८३० कोटी लिटर. ही संख्या १७ कोटींनी भागा, उत्तर १६६ दिवस. म्हणजे पाच टीएमसी पाणी ती जलवाहिनी पूर्ण क्षमतेने दोन वर्षांहून जास्त काळ चालवू शकतं, आणि तेवढंच पाणी नदीतून सोडलं तर शहराची काही आठवड्यांची सोय होते.

पण इथे थांबून मुलांना विचारा : मग मधलं पाणी गेलं कुठं? "वाया गेलं" हे उत्तर अर्धंच आहे. काही उन्हाने उडालं, काही वाळूत मुरलं. काही काठच्या विहिरींना लागलं, काही शेतकऱ्यांनी उपसलं, काही पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या गावांनी प्यायलं. वर्गात निम्म्या मुलांचे मामा-काका भीमेच्या काठावर शेती करतात. त्यांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी उभं करा आणि शहराच्या बाजूने कुणीतरी. निकाल लावू नका. मी तरी लावत नाही. माझं स्वतःचं मत पाइपच्या बाजूने आहे, पण काठावरच्या गावाला त्याच्या वाटणीचं पाणी वेगळं आणि ठरलेल्या तारखेला मिळायला हवं, हेही त्यातच येतं.

*पाणी सुटायचा दिवस.* शहरात कित्येक वर्षं पाणी चार-पाच दिवसांआड येत आलं आहे. ज्या दिवशी एखाद्या पेठेला पाणी सुटतं त्या दिवशी त्या भागातली हजेरी पाहा. त्यातही मुली किती गैरहजर आहेत ते वेगळं मोजा. आई विडी कारखान्यात किंवा कामावर गेलेली, बाप मागावर. मग घागरी, बॅरल, हौद भरायला मोठी मुलगी थांबते. शिक्षक मित्रहो, अशा मुलीला दुसऱ्या दिवशी कारण विचारून उभं करू नका. आपल्या वर्गातली मुलं कोणकोणत्या भागांतून येतात आणि तिथे पाण्याचा वार कोणता, याचा तक्ता आम्ही वर्गात लावला. तक्त्यात गर्दीचा दिवस आला की त्या दिवशी चाचणी ठेवत नाही, नवा घटकही शक्यतो सुरू करत नाही. पालकांना विनंती एवढीच : पाणी भरायचं काम मुलगा आणि मुलगी आलटून पालटून करू देत.

साठवणुकीबद्दल दोन शब्द, कारण इथे आरोग्याचा प्रश्न आहे. डेंग्यूचा डास घाण गटारात नाही, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासायचं. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. आता जिथे पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसते तिथे भरलेला बॅरल कोण ओतून देईल? त्यावर उपाय असा : पाणी सुटायच्या आदल्या रात्री उरलेलं पाणी धुण्याभांड्याला, संडासला काढून घ्यायचं. सकाळी बॅरल घासायचा आणि मग भरायचा. वर कापड बांधायचं. उलट काही घरांत नवं पाणी आलं की झाकून ठेवलेलं कालचं चांगलं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओततात. पाणी दुधासारखं नासत नाही. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं नळाचं पाणी चार दिवस चालतं.

वीज, आणि कोण कोणावर अवलंबून

सोलापूरजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच. मुलांचा आणि पालकांचाही हमखास प्रश्न : प्रकल्प आपल्या दारात, मग आपली लाईट का जाते? उत्तर असं की प्रकल्पातली वीज थेट आपल्या घरात येत नाही. ती फार मोठ्या दाबाने देशाच्या जाळ्यात जाते. तिथून उपकेंद्रात उतरत उतरत आपल्या गल्लीतल्या डीपीला येते आणि मग घरात २३० व्होल्ट. आपली लाईट जाते ती बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये. फांदी पडली, फ्यूज उडाला, नाहीतर फीडर बंद. वायरमन खांबावर चढतो तो याचसाठी.

देशाच्या जाळ्यात सोलापूरचं नाव एका कारणाने कायम राहील. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एका लयीत जोडलं गेलं. एका लयीत म्हणजे वीज सेकंदाला पन्नास वेळा जे हेलकावे घेते, ते काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच वेळी. झोपाळ्यावर दोन मुलं बसवून दाखवा. दोघांचा झोका जुळला तर हात धरता येतो, नाही जुळला तर हात निसटतो. रायचूरशी १८७१ मध्ये रूळ जोडले आणि २०१३ मध्ये तारा, हेही फळ्यावर शेजारी लिहून ठेवा.

लाईटबिल आणायला सांगा. मागील रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी, युनिट. हजार वॉट एक तास म्हणजे एक युनिट. मागाच्या एक अश्वशक्तीच्या मोटरीला सुमारे पाऊण युनिट तासाला, बारा तासांत नऊ. ज्यांच्या घरी माग आहेत ती मुलं इथे शिक्षकापेक्षा पुढे असतात, त्यांना बोलू द्या.

मग सुतळीचा खेळ. एक मूल 'वीज', एक 'पाणी', एक 'रेल्वे', एक 'मोबाईल', एक 'रस्ता', एक 'दवाखाना'. ज्याला ज्याची गरज त्याच्याकडे सुतळी फेकायची. पाण्याच्या पंपाला वीज लागते. वीज प्रकल्पाला कोळसा लागतो, तो शेकडो किलोमीटर लांबच्या खाणींतून रेल्वेने येतो, आणि त्याच प्रकल्पाला पाणीही उजनीचंच लागतं. रेल्वेचं इंजिन विजेवर. मोबाईलच्या टॉवरला वीज, ती गेली की बॅटरी संपेपर्यंतच नेटवर्क. केबलसाठी रस्ता खणला की कधीकधी खालचा पाइप फुटतो (इथे मुलं जोरात हसतात, सगळ्यांनी पाहिलंय). पाणी आज येणार की उद्या, हे आता गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळतं, म्हणजे पाण्याला मोबाईलही हवा. शेवटी 'वीज' झालेल्या मुलाने सुतळी सोडायची आणि कोणाकोणाची दोरी सैल झाली ते मोजायचं. उजनीच्या पंपावर दोन तास वीज गेली तर शहराचं पाणी दोन तासांनी नाही, कधीकधी एक दिवसाने पुढे जातं, कारण रिकामी झालेली ११० किलोमीटरची वाट पुन्हा भरावी लागते आणि टाक्या भरायचा क्रम सगळाच सरकतो. हे चौथीच्या मुलाला दोरीतूनच समजतं.

विमानाबद्दल थोडक्यात. होटगी रोडचा विमानतळ होता, पण नियमित विमान नव्हतं. जवळच्या साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची उंच चिमणी उड्डाणाच्या वाटेत येते, यावर अनेक वर्षं वाद चालला. १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडली आणि जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. ऊस घालणाऱ्या सभासदांचं म्हणणं एक, शहरातल्या उद्योजकांचं दुसरं. मोठ्या वर्गांसाठी वादविवादाला हा विषय चांगला आहे. तिसरीत नको.

सहल

शेवटच्या तासाला मुलं हमखास विचारतात : एवढं पाणी येतं, मग जातं कुठं? शहराचं सांडपाणी नाल्यांतून देगावसारख्या शुद्धीकरण केंद्रांकडे आणि तिथून पुढे सीना नदीकडे जातं. आपण उजनीत पुण्याकडून येणाऱ्या घाणीबद्दल तक्रार करतो, त्या वेळी आपल्या खालच्या अंगाला कोण आहे हे नकाशावर बघावं. सीना दक्षिणेकडे वाहत हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, आणि भीमा तिथून कर्नाटकात जाते. कुडलचा संगम सहलीला उत्तम. शके ९४० चा मराठी शिलालेख असलेलं देऊळही तिथेच आहे, म्हणजे इतिहासाची तासिकाही होते. जाताना प्रत्येक गटाला दोन पारदर्शक बाटल्या द्या. एक सीनेच्या अंगाने भरायची, एक भीमेच्या. काठावर मोठ्या माणसानेच उतरायचं. बाटल्यांवर चिठ्ठी लावून वर्गाच्या खिडकीत आठवडाभर ठेवा आणि रोज तळाशी काय बसतं, रंग कसा बदलतो, वास येतो का, याची नोंद करून घ्या.